चर्चा : जुनी माणसे खरोखरच ज्ञान दडवून ठेवतात का?

जुना रेचा (धागा सुरू करणारे)

गेल्या आठवड्यात 'बांधावरचा हिशेब' या नावाने लिहिणाऱ्या, एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या तरुण मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचे टिपण येथे वाचले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : खेड्यापाड्यांतील संस्था माणसांच्या भरवशावर चालतात म्हणून बुडतात, जुने कर्मचारी आपली गरज टिकून राहावी म्हणून माहिती दडवतात, प्रत्येक काम लिहून काढावे, लिहिलेले काम कोणाच्याही हाती देता यावे आणि निष्ठा हा शब्द संस्थेच्या व्यवहारातून काढून टाकावा. त्याखाली चाळीसेक जणांनी अंगठे उंचावले असून त्यांत माझे दोन भाचेही आहेत. मी तीन दिवस गप्प राहिलो. चौथ्या रात्री झोप लागेना, म्हणून हे लांबलचक उत्तर.

मी 1986 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यातील एका सहकारी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरच्या हाताखाली लागलो. तेव्हा एकाधिकार खरेदी होती, म्हणजे राज्यातला सगळा कापूस सरकारी योजनेतूनच विकत घेतला जाई. 1972 पासून कास्तकाराला आपला कापूस दुसरीकडे विकण्याची मुभाच नव्हती, त्यामुळे ग्रेडरच्या तोंडून निघालेला शब्द म्हणजे त्या घराच्या वर्षाचा निकाल असे. माझ्या वरिष्ठांनी पहिला संपूर्ण हंगाम मला तोंड उघडू दिले नाही. गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, वरचा सोडून आतला पुंजका काढायचा, सरकीपासून तंतू सोडवून दोन्ही हातांच्या चिमटीत पुन्हा पुन्हा ओढून सारखे करायचे आणि सदऱ्याच्या काळ्या बाहीवर ठेवून लांबी पाहायची. मग सरकी दाताखाली धरायची, कट्कन फुटली तर वाळलेली, दबली तर ओली. मी मनातल्या मनात प्रत ठरवायची, वरिष्ठ त्यांची प्रत मोठ्याने सांगायचे, आणि दोन्हींत फरक पडला की संध्याकाळी काटा बंद झाल्यावर त्याचे कारण मिळायचे. फरतडचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभ्या ठेवलेल्या पिकाचा, कापूस पहिल्या वेचणीच्या कापसात मिसळलेला कसा ओळखावा, हे मला दुसऱ्या हंगामाच्या अखेरीस कळू लागले.

2017 मध्ये मी निवृत्त झालो. शेवटचे आठ दिवस उरले असताना व्यवस्थापनाचा निरोप आला की, तुम्हाला जे काही येते ते एका वहीत लिहून सुपूर्द करा. मी चाळीस पाने लिहिली. माझ्या जागी आलेला मुलगा हुशार होता, परंतु त्याची नेमणूक अकरा महिन्यांची होती. दिवाळीपूर्वीच तो नागपूरला एका गोदामात लागला. दोन वर्षांनी कामानिमित्त गेलो तेव्हा माझी वही काट्याच्या खोलीत पावतीपुस्तकांच्या ढिगाखाली होती आणि तिच्या मागच्या पानांवर कोणीतरी चहाची उधारी मांडली होती. 31 वर्षांत एकाही संचालक मंडळाने मला असे म्हटले नाही की, हा मुलगा दोन हंगाम तुमच्यासोबत उभा करतो. आता मला सांगा, दडवले कोणी?

बांधावरचा हिशेब

काका, आपल्या कामाविषयी मला आदर आहे आणि ते टिपण आपल्याला उद्देशून नव्हते. तरीही मी शब्द मागे घेणार नाही, कारण मी जे भोगले ते आपल्या वहीच्या नेमके उलट आहे.

मी रुजू झालो तेव्हा आधीच्या व्यवस्थापकांनी नोकरी सोडून दोन महिने झाले होते. खरेदीदारांचे क्रमांक त्यांच्या खासगी फोनमध्ये होते, बँकेत नोंदवलेला मोबाइल क्रमांक त्यांचा होता आणि अध्यक्षांच्या डिजिटल स्वाक्षरीचा पासवर्ड एकट्या त्यांनाच ठाऊक होता. वार्षिक विवरणपत्रे थांबली; त्यांवरचे विलंब शुल्क दर दिवशी 100 रुपये, तेही प्रत्येक विवरणपत्रामागे वेगळे. मी त्या गृहस्थांच्या दारी चार वेळा गेलो. एकदा ते शेतात होते, एकदा सोयरिकीच्या कामात होते, तिसऱ्या वेळी 'आठवत नाही' म्हणाले आणि चौथ्या वेळी चहा पाजून सगळे सांगितले. हा पासवर्ड हातात कोपरापर्यंत मुरलेला नव्हता. तो कागदावर लिहायला अर्धा मिनिट पुरले असते.

निष्ठेविषयी लिहिले ते यासाठी की, आपल्याला 58 व्या वर्षापर्यंत नोकरीची खात्री होती. 2020 च्या दहा हजार शेतकरी उत्पादक संघटनांच्या योजनेत एका कंपनीला तीन वर्षांसाठी जास्तीत जास्त 18 लाखांचे साहाय्य मिळते आणि त्यातूनच माझ्या पदाला महिना 25,000 पर्यंत वेतन देता येते. माझे तिसरे वर्ष सुरू आहे. चौथ्या वर्षी कंपनी मला पोसू शकली नाही तर मी जाणारच. जो जाणार हे ठरलेले आहे, त्याच्याकडून निष्ठा मागण्यापेक्षा नोंदी मागा, एवढेच माझे म्हणणे आहे.

सालदार

पाडव्याला सालदार ठरतो तेव्हा निदान त्याला एक पूर्ण वर्ष धरून धान्य, कपडा आणि रोख रक्कम बोलली जाते. आपल्या सुशिक्षित संस्थांनी त्यातला एक महिना कमी करून त्याला करारपद्धती असे नाव दिले आहे. चर्चा चालू द्या.

कोरडवाहू

ग्रेडरसाहेबांच्या कोपरापर्यंतच्या हाताचे वर्णन वाचून डोळे भरून आले. मात्र ज्याचा कापूस त्या हाताखाली गेला त्यालाही थोडे बोलू द्यावे.

2024-25 च्या हंगामात लांब धाग्याला हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता. ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, त्यापुढे प्रत्येक टक्क्यामागे भावात एक टक्का कपात आणि 12 च्या वर गेला तर गाडी परत, हा नियम सर्वांना ठाऊक आहे. मी 18 क्विंटल घेऊन एका खरेदी केंद्रावर गेलो. निघण्यापूर्वी गावातल्या कृषी केंद्राच्या मीटरवर पाहिले होते; आकडा 9 आला होता. केंद्रावर रात्रभर रांगेत थांबलो, सकाळी नऊला नंबर लागला, तेथल्या अनुभवी ग्रेडरांनी सुई खुपसली आणि 11.5 लिहिले. 9 आणि 11.5 मधल्या अडीच टक्क्यांचे क्विंटलमागे 188 रुपये आणि एकूण 3,384 रुपये गेले. मी पुन्हा मोजायला सांगितले तर उत्तर मिळाले, 'मीटर कशाला, मला हातालाच कळते.' हे असले हातातले ज्ञान संस्थेबरोबर बुडाले तर मी नारळ फोडीन.

जुना रेचा

कोरडवाहू भाऊ, आपला राग समजतो, पण आपण दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरत आहात. ते मीटर विजेचा रोध मोजते. सुई कुठे गेली, तेथला कापूस किती दाबलेला होता, यावर आकडा हलतो. ट्रॉलीत तुडवून भरलेल्या कापसात तो चढतो, मोकळ्या ढिगात उतरतो. शिवाय कापूस हवेतला दमटपणा पितो. रात्रभर उघड्यावर उभी असलेली ट्रॉली सकाळी नऊला जो आकडा दाखवील, तो दुपारी तीनला दाखवणार नाही. म्हणून किमान चार ठिकाणी, आत हात घालून मोजायचे असते. हे माझ्या वहीच्या सातव्या पानावर आहे. आपल्या केंद्रावरचा माणूस ग्रेडर नसून सुई खुपसणारा होता.

आता राहवत नाही म्हणून लिहितो, रात्री ट्रॉलीवर पाण्याचा हात फिरवणारे कास्तकारही मी पाहिलेले आहेत.

कोरडवाहू

वा! म्हणजे चूक झाली तर तो ग्रेडर नव्हता आणि बरोबर आले तर ते 31 वर्षांचे ज्ञान. वर पाणी मारल्याचा आळही आमच्याच माथी. साहेब, माझ्या ट्रॉलीवर पाणी पडले ते दवाचे, आणि दव पडले ते आपल्याच बिरादरीने काटा दुपारी बंद करून आम्हाला रात्रभर उभे ठेवले म्हणून. सकाळी नऊ आणि दुपारी तीनच्या आकड्यांतला फरक आपल्याला ठाऊक होता, आपल्या वरिष्ठांनाही ठाऊक असणार. मग आजवर किती जिनिंगच्या फाटकावर तो फळ्यावर लिहिलेला होता? आम्हाला ते माहीत असते तर मी ट्रॉली झाकली असती किंवा दुपारचा नंबर मागितला असता. दडवणे यापेक्षा वेगळे काय असते?

बांधावरचा हिशेब

कोरडवाहूंनी माझे काम केले. आमच्या कंपनीत पावतीवर एकच आकडा न लिहिता तीन ठिकाणचे आकडे, मोजल्याची वेळ आणि मोजणाऱ्याची सही घेतो. पहिल्या हंगामात भांडणे होती; दुसऱ्यात निम्म्याहून कमी झाली, कारण सभासद स्वतःच वजाबाकी करू लागला. हे हाताला कळत नाही, कागदाला कळते.

जुना रेचा

तीन नव्हे, चार. आणि चौथे ट्रॉलीच्या तळाशी. तीनवर थांबलात तर आपला कागद नीटनेटका राहील आणि आपण फसाल.

फळ्याविषयी मात्र कोरडवाहूंचे म्हणणे मान्य करावे लागते. आम्ही तो लावला नाही. लावावा असे कोणाच्या डोक्यातही आले नाही, हे दडवण्यापेक्षा बरे की वाईट, ते त्यांनी ठरवावे.

पांदणवाट

मी गटप्रवर्तक आहे, म्हणजे गावोगावच्या आशांच्या कामावर देखरेख ठेवते. या चर्चेत कापसाचा इतका ओलावा शिरला आहे की मूळ प्रश्न भिजून गेला, म्हणून मी दुसरीकडून येते.

'लिहून ठेवता येत नाही' असे ज्या ज्ञानाविषयी बोलले जाते, त्यातले बरेचसे कोणी नीट बसून मांडलेलेच नसते. आमच्या गडचिरोलीत 'सर्च' संस्थेत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी बाळाचा न्यूमोनिया ओळखण्याचे काम डॉक्टरांच्या हातून गावातल्या दायांपर्यंत नेले. बाळाचा श्वास मिनिटाला किती, हे अक्षरओळख नसलेल्या बाईने कसे मोजावे? त्यांनी वाळूचे घड्याळ आणि मणी दिले : दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ, त्याहून मोठ्या तान्ह्याचे पन्नास ही सीमा मण्यांतच बांधलेली. पुढे 39 गावांत आरोग्यदूतांनी नवजात बाळांची घरीच काळजी घेतली आणि त्याचे निष्कर्ष 1999 मध्ये जगासमोर आले. आज आशा 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी जाते ती पद्धत त्याच वाटेने आलेली आहे. जुना रेचा काका, एका डॉक्टरच्या कानात असलेली गोष्ट मण्यांत मावली. आपला कापूसही कदाचित मावला असता.

आता माझे गाऱ्हाणे, कारण सर्वांनी आपापले मांडलेच आहे. आमच्याकडे लिखित काहीही कमी नाही. सहा व्हॉट्सअ‍ॅप गट आहेत. मागच्या पावसाळ्यात रात्री 11 वाजून 40 मिनिटांनी एका गटावर आदेश आला की सकाळी दहापर्यंत माहिती जुन्या नमुन्यात पाठवावी. सकाळी सात वाजता दुसऱ्या गटावर आले की नव्या नमुन्यात. दोन्हींखाली 'ओके सर' लिहिणारे तेच सव्वीस जण. कोणता खरा, असे विचारणारी मी एकटी निघाले आणि बैठकीत 'तुम्ही संदेश वाचत नाही' हे ऐकून घेतले. बांधावरचा हिशेब दादा, आपण प्रत्येक गोष्ट लिहा म्हणता. जो लिहितो त्याला विचारण्याची सोय कुठे आहे, तेही लिहा. आणि अमक्या घरी आधी सासूशी बोलावे, मगच सून दार उघडते, हे कोणत्या रकान्यात भरायचे तेही कळवा.

खडू

ताईंच्या 'ओके सर'ला माझे अनुमोदन. मी शिक्षक आहे, मेळघाटात चार वर्षे होतो. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचे नाते नाही. पहिलीतले मूल समोर बसून काय म्हणते आहे हे समजायलाच मला दीड वर्ष लागले. नंतर मुले बोलू लागली, आणि अवघड क्षेत्रातील सेवा पूर्ण झाली म्हणून बदलीला पात्र ठरलो. 27 फेब्रुवारी 2017 च्या शासन निर्णयानंतर बदल्या संगणकावर होऊ लागल्या. वशिलेबाजी कमी झाली, याबद्दल मी कृतज्ञ आहे. परंतु या शिक्षकाला कोरकू येते, असा रकाना त्या संगणकात मला तरी दिसला नाही.

प्रामाणिकपणे सांगायचे तर मी बदली नाकारली नाही. आईचे वय झाले होते. जाताना दोनशे शब्दांची वही नव्या सरांना दिली. त्यांचा सहा महिन्यांनी फोन आला की वहीमुळे निदान पहिला आठवडा वाया गेला नाही. म्हणजे वही अगदीच निरुपयोगी ठरत नाही, काका. ती पहिल्या आठवड्याची असते.

बांबूबन

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाचे नाव अजून निघाले नाही याचे नवल वाटते. त्या गावाने 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि 2011 पासून बांबूची वाहतूक परवानगी ग्रामसभा स्वतः देऊ लागली. पगारी व्यवस्थापक कोणी नव्हता. त्यांच्याकडे दोन जागा वेगळ्या आहेत : अभ्यास गटात फक्त समजून घ्यायचे, तेथे निर्णय होत नाही, ग्रामसभेत निर्णय होतो, तोही सर्वांचा होकार असेल तरच. ताईंना जे विचारता आले नाही, ते विचारण्यासाठी तेथे वेगळी बैठकच आहे. आपल्या सर्व संस्थांत समजून घेण्याची आणि आदेश देण्याची जागा एकच असते, तिचे नाव व्हॉट्सअ‍ॅप गट.

बांधावरचा हिशेब

मेंढ्याला मीही दोनदा जाऊन आलो आहे. शंभराच्या आसपास घरे, एकाच गावाची, पिढ्यान्‌पिढ्या शेजारी. माझे सभासद नऊ गावांतले, त्यांतली तीन गावे एकमेकांचे पाणी पीत नाहीत. मी सर्वसंमतीची वाट पाहिली तर सोयाबीन शेतातच उगवून येईल.

बांबूबन

शंभर घरांनी जंगल सांभाळले आणि नऊ गावांना अभ्यासाची एक बैठक जमत नाही, हे आपण उत्तर म्हणून दिले की कबुली म्हणून?

सालदार

सर्वांनी शांत व्हावे. सोयाबीनला यात ओढू नये, त्याचे चुकारे आधीच अडकलेले असतात.

जुना रेचा

पांदणवाट ताईंच्या मण्यांवर मी रात्रभर विचार केला. उत्तर देता येत नाही, हे लिहिताना जड जाते. सरकी दाताखाली फोडणे, चार ठिकाणी मोजणे, फरतड ओळखताना तंतूची ताकद चिमटीत पाहणे, यातल्या दहापैकी सहा गोष्टी मण्यांसारख्या बांधता आल्या असत्या. मी चाळीस पाने लिहिली ती साहेबांना दाखवण्यासाठी लिहिली, शिकणाऱ्यासाठी लिहिली नाहीत. त्यामुळे त्यांत माझी हुशारी जास्त आणि पायऱ्या कमी होत्या. उरलेल्या चार गोष्टींना मात्र माणूस माणसाशेजारी उभाच करावा लागतो आणि त्याला पगार द्यावा लागतो. ताई, ते मणी सरकवणाऱ्या बायांनाही कोणीतरी शेजारी बसून शिकवलेच असेल, गावात पार्सलने पाठवले नसतील.

पांदणवाट

शेजारी बसूनच शिकवावे लागते, पुन्हा पुन्हा. आणि शिकवणारी गावाला आधीच ओळखत असेल तर निम्मे काम तेथेच होते.

बांधावरचा हिशेब

ठीक आहे. 'दडवतात' हा शब्द मी सर्वांना सरसकट लावला, तो माझ्या आधीच्या व्यवस्थापकांपुरता ठेवतो. काका, आमच्याकडे या दसऱ्यापासून कापूस संकलन सुरू होईल. सभासदाची एक बी.एस्सी. झालेली मुलगी ग्रेडिंग शिकायला तयार आहे. ती गावातलीच आहे, सासर-माहेर दोन्ही याच तालुक्यात, म्हणजे नागपूरला पळण्याची शक्यता माझ्यापेक्षा कमी. आपण दोन हंगाम तिच्यासोबत उभे राहाल का? पगार परवडणार नाही, खरेदीच्या प्रत्येक दिवसाचे मानधन आणि जाण्यायेण्याचा खर्च देऊ.

जुना रेचा

दोन हंगाम म्हणता, आणि आपण स्वतः चौथ्या वर्षी असणार की नाही हे आपल्यालाच ठाऊक नाही. म्हणून संचालक मंडळाचा ठराव पाठवा, ज्यात दोन हंगाम, मुलीचे मानधन आणि माझे मानधन तिन्ही लिहिलेले असेल. तोंडी चालणार नाही. होय, मीच लेखी मागतो आहे. हसायचे असेल तर हसून घ्या. आणि मला कोणत्याही गटात टाकू नका, फोन करा.

कोरडवाहू

त्या मुलीला शिकवायला सुरुवात कराल त्या दिवशी पहिली ट्रॉली माझी लावा, सकाळी नऊला, दव असतानाच. तीच ट्रॉली दुपारी तीनला पुन्हा मोजा, चारही ठिकाणी, आणि दोन्ही वेळचे आकडे फाटकावरच्या फळ्यावर लिहा. फळा मी आणतो. माझे 3,384 रुपये कोणी परत करणार नाही हे मला कळते, पण तो विषय मी सोडलेला नाही.